मामंजींचं चालणं

मी माझ्या सासऱ्यांना पायांवरून ओळखत असे. आमच्या वेळी सुनेने सासऱ्यांच्या तोंडाकडे सरळ बघायचं नसे. ते ओसरीवर आले की पदर पुढे ओढून आत व्हायचं, ताट सरकवायचं ते खाली मान घालून, आणि काही सांगायचंच असलं तर भिंतीकडे बघून सांगायचं. त्यामुळे लग्न होऊन हिर्डोशीला आले तेव्हापासून मामंजी म्हणजे मला धोतराचा काठ, त्याखालचे दोन पाय आणि एक खोकला, एवढेच ठाऊक. खोकला अशासाठी की घरातल्या बायकांना सावरून बसायला वेळ मिळावा म्हणून ते अंगणाच्या कडेलाच खोकायचे. सर्दी वगैरे त्यांना कधी नव्हती.

माझं माहेर उत्रोलीचं, भोर तिथून हाकेवर. म्हणून चार यत्ता शिकले आणि म्हणूनच हे लिहिते आहे. लहानपणापासून मला नसत्या चौकशा फार. गाय वासराला चाटते तेव्हा तिला चव कशी लागते, हे मी वडिलांना विचारलं होतं. सासरी आल्यावर तोंड बंद झालं, पण जित्याची खोड, ती कानात जाऊन बसली. घरात बसल्या बसल्या कोण आलं, रिकामं आलं की ओझं घेऊन, रागावून आलं की दमून, हे मला पावलांवरून कळायचं. आमचे हे तेव्हा मुंबईला गोदीत कामाला होते आणि वर्षातून दोनदा यायचे. घरात आम्ही तिघंच होतो, मामंजी, आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आणि मी.

एका माघात मामंजी एक पाहुणा घेऊन आले. भातरोपांसाठी राब भाजायला डोंगरातून पालापाचोळा आणि फांद्या तोडून आणायचे ते दिवस होते. दोघे ओसरीवर चढले आणि मी आतून ऐकलं. मामंजींची पावलं ओळखीची होती. त्यांच्यामागची दुसरी पावलं मात्र बाईची होती. बाहेर बघितलं तर बंडी, धोतर, डोक्याला फेटा आणि नुकत्या राखलेल्या मिशा. मी गोंधळले.

पाहुण्यांनी उंबरा ओलांडला तो उजव्या हाताच्या चिमटीत धोतर जरासं उचलून, निऱ्या पायात येऊ नयेत म्हणून आपण बायका उचलतो तसं. बसले तेही दोन्ही गुडघे जुळवून, एका बाजूला कलून. मी पाण्याचा तांब्या दिला तर दोन्ही हातांनी घेतला आणि मान किंचित वाकडी करून हसले. हे हसणं मी पाहिलेलं होतं.

भोरला रामनवमीच्या उत्सवात नाटक मंडळी यायची. मी नऊदहा वर्षांची असताना एका नाटकात जी नायिका पाहिली, तिच्यासारखी बाई मी आजवर पाहिलेली नाही. तिने पदर खांद्यावरून असा काही घेतला होता की पुढे वर्षभर उत्रोलीच्या निम्म्या बायका तसाच घेत होत्या, आणि भातलावणीच्या चिखलात तो सारखा घसरायचा म्हणून म्हाताऱ्या बायका शिव्या घालत होत्या. नायिका पुरुष आहे हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणाच्याच लक्षात राहत नव्हतं. ती नायिका आता मिशा राखून आमच्या ओसरीवर बसली होती.

मामंजी जेवताना थोडक्यात बोलले ते असं. पाहुणे मूळचे भोंगवलीचे. त्यांच्या मामाची आणि मामंजींची बैलांच्या बाजारातली ओळख. नाटक कंपनी मोडली. आता बोलपट निघाले होते आणि तिथे बायकांची कामं बायकाच करू लागल्या होत्या. एका बोलपटाच्या मालकाने पाहुण्यांना डोंगरातल्या शेतकऱ्याचं काम देऊ केलं होतं. आवाज पसंत, चेहरा पसंत. फक्त चार पावलं चालून दाखवल्यावर मालक म्हणाले की शेतकऱ्याने नऊवारी नेसल्यासारखी वाटते. चैत्रात मी भोरला येईन, तोवर पुरुषासारखं चालायला शीक, नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल.

आत्याबाई भाकरी थापता थापता हसायला लागल्या. "बाप्याला बाप्यावानी चालाया शिकवायचं? ह्ये लईच झालं."

"हसू नगा," मामंजी म्हणाले. "त्येचं पोट हाय त्यात."

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी फसली. मामंजी सांगणार काय? "पाय उचलायचा, ठिवायचा. त्यात शिकवण्यावानी काय हाय?" मग पाहुणे त्यांच्या मागून चालून बघू लागले. पण कोणी मागून बघतंय म्हटल्यावर मामंजींचेच पाय अवघडले. इतकी वर्षं बिनघोर चाललेला माणूस नव्या नवरदेवासारखा ताठ होऊन पावलं मोजू लागला. पाहुणे तेच शिकले आणि संध्याकाळी दोघे डोंगरातून उतरले ते लाकडी बाहुल्यांसारखे. डोक्यावर फांद्यांची ओझी घेऊन बघितली, चार दिवस वेल्ह्याच्या बाजूला धनगरांच्या वाड्यावर जाऊन मेंढरांमागे फिरून आले. अंग रापलं, हाताला घट्टे पडले, पाय मात्र होते तसेच राहिले.

फाल्गुन लागला तसा पाहुण्यांचा धीर सुटू लागला. एक दिवस आम्ही वाल सोलत बसलो होतो आणि ते चुलीपाशी येऊन टेकले. परका पुरुष स्वयंपाकघरात येऊन बसतो आणि आम्हा दोघींना त्यात काही वावगं वाटत नाही, हे माझ्या तेव्हा ध्यानातही आलं नाही. पंधरा दिवसांत त्यांनी आत्याबाईंना नवा अंबाडा घालायला शिकवला होता. मी त्यांच्याशी मान वर करून बोलत होते.

मला राहवलं नाही. मी विचारलं, "तुमाला बाईवानी चालाया शिकिवलं तरी कसं?"

त्यांनी पाटीतली एक शेंग सोलायला उचलली. मग म्हणाले, "नऊ वर्षांचा होतो कंपनीत गेलो तेव्हा. दोन्ही घोट्यांना सुताची दोरी बांधायचे, मध्ये वीतभर जागा. पाऊल त्याबाहेर गेलं की तोंडावर पडायचो. चार वर्षं दिवसभर ती दोरी असायची. मग काढली. तोवर तिची गरज उरली नव्हती, वहिनी." वालाचं टरफल त्यांनी बाजूला ठेवलं. "आता वय बत्तीस. शेती येत नाही, हिशेब येत नाही. हे काम गेलं तर मला दुसरं काहीच येत नाही."

आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या डोक्यात मात्र भलतंच सुरू झालं होतं. दोरीने शिकवलेलं चालणं आवाजानेही शिकवता येईल की काय?

"मामंजी कसं चालत्यात त्ये म्या सांगू का?" मी म्हटलं.

मला ते कसं माहीत, हे सांगताना मी लाजले खरी. पण त्यांच्याकडे वर बघायची बंदी होती तर खाली तरी बघणारच ना माणूस. मी सांगितलं की उजवा पाय टाचेवर पडतो आणि ठाम वाजतो. डावा आधी बोटांवर टेकतो, जरा बाहेर वळतो, मग मागून घासत येतो. दोन पावलांच्या मध्ये एवढा थांबा असतो की त्यात वालाचा एक दाणा सोलून होईल. ते ऐकून पाहुण्यांनी करून बघितलं आणि चुकलं. मी सांगितलं, पुन्हा चुकलं. शेवटी मी पदर खोचला, उठले आणि चुलीपासून जात्यापर्यंत मामंजी होऊन चालले. परत फिरले तर आत्याबाई वालाची पाटी मांडीवरून उतरवून उभ्या राहिल्या होत्या आणि एकटक माझ्या पायांकडे बघत होत्या. सून सासऱ्याची नक्कल करते म्हणजे काय, हे मला त्या क्षणी कळलं आणि माझं धाबं दणाणलं.

आत्याबाई म्हणाल्या, "डावा हात मागं घ्यायचा ऱ्हायला. पाठीवर पालथा ठिवत्यात त्ये."

आणि त्यांनी तो हात घेऊन, चालून दाखवलं. सुनेला जे खालून दिसत होतं तेच त्यांना मागून दिसत होतं. तीस वर्षं नवऱ्याच्या मागून चार पावलं अंतर ठेवून चाललेली बाई ती.

मग रोज दुपारी, मामंजी डोंगरात गेले की, आमच्या रिकाम्या खळ्यात शाळा भरू लागली. पुढे आत्याबाई, मधे पाहुणे, मागे मी. पाहुण्यांना उद्या कसं होईल याची धास्ती होती, पण मला सांगायला हरकत नाही, माझ्या सासुरवासातले ते सगळ्यात मजेचे दिवस. एकदा मामंजी लवकर परतले. आम्ही तिघं हात मागे घेऊन, डावा पाय घासत, त्यांच्याकडे पाठ करून चाललो होतो. मला चाहूल लागली तेव्हा उशीर झाला होता. ते कुंपणाशी उभे होते. किती वेळ, देव जाणे. ते तसेच मागे फिरले, पार वाटेपर्यंत गेले, तिथे मोठ्याने खोकले आणि मग नव्याने घरी आले.

चैत्रात मालक भोरला आले आणि उत्सव सोडून मोटारीने थेट घाटाच्या वाटेला, आमच्या गावापर्यंत आले. सोबत दोन माणसं होती. सगळा गाव गोळा झाला. पाहुण्यांनी डोक्यावर गवताचा भारा घेतला, एक हात भाऱ्याला आणि दुसरा पाठीवर, आणि ओढ्याकडून वर चालत आले. एक पाऊल चुकलं नाही, मधला थांबासुद्धा नेमका. आत्याबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं.

मालकांनी विचारलं, "पायाला काय झालं?"

पाहुणे थांबले. "कुठे काय?"

"डावा पाय. लंगडतोयस तू."

पाहुण्यांनी आमच्याकडे बघितलं. मी आत्याबाईंकडे बघितलं. त्यांना राग आला होता. "लंगडं कोन म्हनलं?" त्या पुटपुटल्या. "बाप्या असाच चालतो."

तेवढ्यात ओढ्याकडून मामंजी आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, तेही आपला भारा घेऊन घरी निघाले होते. उजवी टाच ठाम, डावा पाय घासत, डावा हात पाठीवर. मालकांनी एकदा त्यांच्याकडे, एकदा पाहुण्यांकडे बघितलं आणि ते हसत सुटले. आम्ही बघत राहिलो. तेव्हा कुठे मला दिसलं. लग्न झाल्यापासून जे रोज बघत, ऐकत होते ते लंगडणं होतं.

"पोरपणी नांगराचा फाळ लागला हुता," मामंजींनी मालकांना सांगितलं. "शीर तुटली. त्येला काय हुतंय, चालतोय की."

मालकांचं हसू ओसरलं. ते म्हणाले, नायक लंगडा चालायचा नाही. तरुण शेतकरी आहे, घोड्यावर बसतो, शेवटी लग्न करतो. लंगडणं काढून चालून दाखव. पाहुण्यांनी प्रयत्न केला. लंगडणं काढलं की खाली जुनी बाईच निघत होती. तीनदा केलं. तिसऱ्यांदा भारा खाली टाकला आणि तसेच उभे राहिले. त्यांचा चेहरा बघवेना. हे सगळं माझ्या आगाऊपणामुळे झालं होतं. नऊ वर्षांच्या पोराला एक दोरी बांधली होती कंपनीने, आणि दुसरी बांधली मी.

मालक बराच वेळ बिडी ओढत होते. मग आपल्या माणसाला म्हणाले, "नायकाचा बाप कोण करतोय, ते अजून ठरलं नाही ना?"

असा आमचा पाहुणा बत्तिसाव्या वर्षी बाप झाला. नायक त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठा होता म्हणे. त्या दुपारी जेवायला आत येताना त्यांनी उंबरा ओलांडला आणि मी मुद्दाम बघितलं. हात धोतराकडे गेला नाही.

ते गेल्यावर आत्याबाई मामंजींवर फुगून बसल्या. "तीस वर्सं झाली. फाळ लागला म्हून कदी बोलला न्हाईत."

"तू कदी इचारलं?" मामंजी म्हणाले.

ही गोष्ट माझ्याच वर्मी लागली. गाईच्या जिभेची चव विचारणारी मी, घरातल्या माणसाचा पाय असा का वाजतो हे कधी विचारलं नव्हतं. रोजचं म्हणून ते मला प्रश्नासारखं वाटलंच नव्हतं.

तो बोलपट चालला आणि पाहुण्यांचं नाव झालं. पुढच्या दहा वर्षांत त्यांनी कितीतरी कामं केली. कोणाचा बाप, गावचा पाटील, म्हातारा शिपाई. मध्येच पुन्हा रंगभूमीवरही आले, तिथेही आजोबाच. आमचे हे मुंबईहून लिहायचे की लोक त्यांचं बोलणं विसरतात पण चालणं विसरत नाहीत, पोरं रस्त्यात तसं चालून दाखवतात. तरुण नायकाचं काम मात्र त्यांना उभ्या आयुष्यात मिळालं नाही. ते दोनतीनदा हिर्डोशीला येऊन गेले, आत्याबाईंना लुगडं आणि मामंजींना पायतणं घेऊन. एकदा मी मनातली बोच बोलून टाकली. "आमच्यापायी तुमी तरणेपणीच म्हातारं झालासा."

"नायकाचं काम दहा वर्षांचं, वहिनी," ते हसून म्हणाले. "बापाचं काम संपत नाही." त्यांनी ते मनापासून म्हटलं असावं. पण माणूस पडला नट. ते हसणं खरं की कंपनीत शिकलेलं, याचा मी आजही विचार करते आणि मला ठरवता येत नाही.

मामंजींनी त्यांचा एकही बोलपट पाहिला नाही. भोरला जाऊन बघून या म्हटलं की म्हणायचे, "माझंच मला काय बगायचं?" आणि एका पौषात, दोन दिवसांच्या तापाने ते गेले. तेव्हा मी त्यांचा चेहरा पहिल्यांदा सरळ, मनसोक्त बघितला. तो मिटलेला चेहरा मला अनोळखी वाटला आणि त्याचीच मला रडताना लाज वाटत होती. आत्याबाई रडल्या नाहीत. संध्याकाळ झाली की हातातलं काम थांबवून अंगणाच्या कडेकडे कान लावायच्या. मीही लावायचे. घर फार शांत झालं होतं.

वर्ष होऊन गेलं आणि भोरच्या पत्र्याच्या थिएटरात पाहुण्यांचा तो पहिला बोलपट पुन्हा लागल्याचं कळलं. मी आत्याबाईंना म्हटलं, आपण जाऊ.

"इधवा बाईनं सिनेमा बगाया जायचं व्हय?"

"सिनेमा ऱ्हाऊ द्या," मी म्हटलं. "मामंजींला बगाया जाऊ."

बाजाराच्या आदल्या दिवशी त्यांनी धुतलेलं लुगडं काढून ठेवलं. बैलगाडीने उत्रोलीपर्यंत, रात्री माझ्या माहेरी मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला आम्ही दोघी बायकांच्या बाजूला फरशीवर बसलो. बाजार करून आलेली माणसं पिशव्या मांडीत घेऊन बसली होती. खेळ सुरू झाला. नायक घोड्यावर बसला, गाणं झालं, पाटलाशी भांडण झालं. आत्याबाईंना यातलं काही कळत असेल असं मला वाटत नाही. त्या पडद्याकडे बघत होत्या खऱ्या, पण बाजार बघावा तशा.

मग पडद्यावर एक घर आलं. आत चुलीपाशी एक बाई होती. बाहेर कोणी दिसत नव्हतं, नुसतीच पावलं वाजली. उजवा पाय ठाम. मग तो थांबा. मग डावा, घासत. आणि अंगणाच्या कडेला एक खोकला. तो आम्ही कधी शिकवला नव्हता, तो पाहुण्यांनी स्वतःच उचलला होता.

माझ्या शेजारी हालचाल झाली. आत्याबाईंनी डोक्यावरून पदर पुढे ओढला आणि त्या उभ्या राहिल्या. नवरा दारात आल्यावर बाई बसून राहत नसे. मीही उभी राहिले, सासरे आले होते. मान खाली घातली आणि मग वाटलं, आज तरी बघावं. वर बघितलं तर तो चेहरा पाहुण्यांचा होता. तरी मी बघत राहिले.

मागून एक बाई ओरडली, "अवो, बसा की खाली, दिसंना."

मी आत्याबाईंचा हात धरून ओढला. त्या हलल्या नाहीत. पदराआडून त्यांची नजर पायांवर होती. पडद्यावर तो माणूस डावा पाय घासत अंगण ओलांडून आला, पायतणं काढली, ओसरीच्या कडेला टेकला. तेव्हा आत्याबाई खाली बसल्या.